उजवा कौल

७ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी दारापुढच्या खळ्यात पेपर वाचत बसलो होतो, तेव्हा नम्रता आली. माझी जुनी विद्यार्थिनी. चौथीत असताना तिच्याइतकं वळणदार अक्षर अख्ख्या शाळेत नव्हतं. आता काजू बागायतदार संघाच्या खरेदी केंद्रावर कारकुनी करते. तीन वर्षं झाली तरी अजून कायम नाही. नवरा मुंबईला असतो, ही इथे सासूजवळ.

बायकोने, सीतेने, चहा आणला तरी नम्रता बसेना. शेवटी पिशवीतून दोन पानी अर्ज काढून माझ्या हातात दिला. संघाचा व्यवस्थापक चंदन धुरी याच्याविरुद्ध. कायम करण्याच्या कागदांवर सही करायला म्हणून त्याने तिला रविवारी कार्यालयात बोलावलं, दार लावून घेतलं, हात धरला. ही कशीबशी सुटून आली. मग मोबाइलवर संदेश सुरू झाले, आणि ही उत्तर देत नाही म्हटल्यावर 'उद्यापासून कामावर येऊ नको' हाही संदेशच आला. सगळे तिने अर्जात जसेच्या तसे उतरवले आहेत. मी ते इथे लिहीत नाही. वाचतानाच कान गरम झाले.

"गुरुजी, मी आदी पोलिसांत जावचंय नाय," ती म्हणाली. "पयला भाईंक कळूक होया. तुमी दिल्यात तर ते वाचतले."

भाई म्हणजे शिवा पालव. संघाचा अध्यक्ष तोच, आमचं हायस्कूल चालवणाऱ्या संस्थेचा अध्यक्षही तोच, आणि यंदा निवडणुकीला उभा राहणार. तालुका त्याला भाई म्हणतो. मी शिवा म्हणतो, चारचौघांत म्हणतो, आणि त्याचा मला थोडा गर्व आहे, लपवत नाही. तिसरी-चौथीला तो माझ्या वर्गात होता. त्याची भाषणं अजून मी लिहून देतो. चंदन त्याचा उजवा हात.

"तीन दिवसांत निकाल लावतंय," मी नम्रताला सांगितलं. ती गेल्यावर अर्ज पुन्हा वाचला. तीन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलं होतं, पेन्सिलीने बारीक दुरुस्त केलं. सवय.

ती अजिबात रडली नाही. त्याचं मला जरा नवल वाटलं.

८ ऑक्टोबर, बुधवार

शिवाकडे दहा-बारा माणसं बसली होती. मला पाहून उठला, पाया पडला, आतल्या खोलीत घेऊन गेला. अर्ज पूर्ण वाचला. मग पहिल्या पानापासून परत वाचला.

"चंदनान घाण केल्यान, गुरुजी," म्हणाला. आणि अर्जाची घडी करून माझ्या हातात परत दिला. "ह्यो तुमच्याकडेच ठेवा. माझ्याकडे ऱ्हवलो तर आवक नंबर पडतलो, मगे माझेच हात बांधले. तुमच्याकडे म्हणजे देवाकडे ठेवल्यासारखो."

मला पटलं. असल्या नाजूक प्रकरणात घाई करून चालत नाही. एवढ्या मोठ्या माणसाने एवढा विश्वास टाकावा, हे काही प्रत्येकाच्या नशिबी नसतं. अर्ज कपाटात पंचांगाखाली ठेवला आहे.

निघताना त्याने आपणहून तन्वीची चौकशी केली. तन्वी आमची सून. मुलगा नोकरीला पणजीत, आणि ही रोज कणकवलीला तासिकेवर शिकवायला जाते. सहाची एसटी, परत यायला सात. लहानगी सृष्टी दिवसभर आमच्यापाशी, संध्याकाळी आईला ओळख देत नाही. आमच्या हायस्कुलात विज्ञानाची जागा रिकामी आहे, तिने अर्ज केलाय. शिवा म्हणाला, "माझ्या ध्यानात आसा."

आज शिवाचा अभिमान वाटला. खरं सांगायचं तर स्वतःचाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

तीन दिवस उलटून गेले. शिवाला पत्र लिहिलं. पहिला मसुदा उतरवून ठेवतो, चांगला साधला आहे: 'शिवा, ज्याच्यामागे लोक चालतात तो पुढारी. तूच चंदनच्या मागे चालू लागलास तर लोकांनी कुणाकडे बघायचं? त्याला उद्याच्या उद्या दूर कर. उशिरा केलेला न्याय हा न्याय नसतो, ती सारवासारव असते.'

सीतेला वाचून दाखवलं. ती खोबरं खवत होती. खवणं थांबवून म्हणाली, "बरा लिवल्यात. आज प्रथमच."

मग पक्कं लिहायला बसलो. 'उद्याच्या उद्या' जरा उद्धट वाटलं, तिथे 'लवकरात लवकर' केलं. सारवासारवीचं वाक्य काढलं. अध्यक्षाला असं लिहू नये. तिसऱ्या प्रतीत 'योग्य वेळी योग्य तो निर्णय घेशील याची खात्री आहे' असा शेवट जमला. सीतेने पुन्हा वाचायला मागितलं.

"तुमी पयला आग लावतास, नि मगे आपणच पाणी वततास."

"सीते, राजकारणात भाषा जपूची लागता."

"भाषा जपल्यात. त्या पोरीक कोण जपतलो?"

तिला या गोष्टींतलं कळत नाही. पत्राचा फोटो काढून शिवाला पाठवला. उत्तरादाखल जोडलेल्या हातांची दोन चित्रं आली.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सगळं बाहेर पडलं. चंदनचे संदेश काल संध्याकाळपासून तालुकाभर मोबाइलवर फिरत आहेत. कुणी फोडले कोण जाणे. तिठ्यावर चहाच्या टपरीत माणसं वाचून दाखवत होती आणि हसत होती. हसणाऱ्यांत माझे दोन विद्यार्थी. मी चहा न घेताच परत फिरलो.

पेपरात शिवाचं निवेदन आहे: 'अशी कोणतीही लेखी तक्रार संघाकडे प्राप्त झालेली नाही. प्राप्त झाल्यास नियमानुसार कठोर कारवाई करण्यात येईल.' शिवा प्रमाण मराठीत शिरला की त्याच्या मनात ती गोष्ट करायची नसते, हे मला तो तिसरीत असल्यापासून माहीत आहे. तरी वाक्य दोनदा तपासलं. खोटं म्हणता येणार नाही. संघाकडे तक्रार नाहीच. ती माझ्या कपाटात आहे.

संध्याकाळी तन्वीने चप्पलसुद्धा न काढता विचारलं, "बाबा, तो अर्ज खंय आसा?"

"सुरक्षित आसा."

"कोणापासून?"

विज्ञान शिकवते ना, प्रश्न विचारायची खोड आहे. मी सृष्टीला घेऊन मागच्या पडवीत गेलो.

२० ऑक्टोबर, सोमवार

चावदिस, दिवाळीची पहिली आंघोळ. पहाटे तुळशीपुढे अंगठ्याने कारीट फोडलं, कडू रस जिभेला लावला. सृष्टीने तोंड वाकडं केलं, सगळे हसलो.

देवळात जायची वाट नम्रताच्या दारावरून जाते. मी व्हाळाच्या अंगाने, ओढ्याच्या कडेने गेलो. शेवाळ फार, पाय घसरला. घोटा सुजला आहे. सीतेला सांगितलं, देवळाच्या पायरीवर पडलो.

तीन दिवसांचे तेरा झाले. आज पाडव्याचं भाषण मागायला शिवाचा फोन आला होता. 'महिलांचा सन्मान' असा एक परिच्छेद घालायला सांगितला. घालून दिला.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

पाडव्याचा मेळावा आज झाला. भाषणातल्या त्या परिच्छेदावर टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत चंदन टाळ्या वाजवत होता. मला बसवेना. भाषण झाल्याबरोबर शिवाला बाजूला घेतलं आणि यावेळी तोंडावर सांगितलं, "शिवा, आता पुरे. चंदनाक काढ. तुझा नाव जाता तेच्यापायी."

"गुरुजी, निवडणूक तोंडार आसा. आता तेका काढलंय तर वाडयेवाडयेची माणसा कोण सांभाळतलो? तुमी?"

मतदारयाद्या चंदनच्या तोंडपाठ आहेत. पण तेवढ्यात मला युक्ती सुचली. शिवा माझं ऐकत नाही, पक्षाचं ऐकत नाही, पण रवळनाथाच्या शब्दाबाहेर त्याच्या बापाने, आजाने कधी पाऊल टाकलेलं नाही.

"मगे देवाक इचारूया," मी म्हणालो. "कौल लावया. देवान सांगल्यान तर आयकतलंस?"

शिवा म्हणाला, "देवाच्या म्होरे मी कोण? पण सवाल तुमीच घालूचो."

सवाल मीच घालायचा, हा आमच्या घराचा मान. गावाच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं घालायचं काम चार पिढ्या आमच्याकडे आहे. मोठ्याने देवाला मागायचं, आणि प्रत्येक मागण्याला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. शिवा आता पुरता अडकला. सवाल लिहून ठेवला आहे, एका अक्षराचीही पळवाट नको: 'चंदनाक कामावरून काढून नम्रताचो अर्ज फुडे घालूचो काय?'

बऱ्याच दिवसांनी जेवण गोड लागलं. नम्रताला निरोप पाठवला, सोमवारी सकाळी सासूला घेऊन देवळात ये.

२७ ऑक्टोबर, सोमवार

कौल झाला.

सकाळी नऊला देवळात पंधरा-वीस माणसं होती. नम्रता आणि तिची सासू सुभद्रा खांबाजवळ उभ्या. गुरवाने रवळनाथाच्या पाषाणावर डाव्या-उजव्या अंगाला पाण्यात बुडवलेल्या पाकळ्या लावल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लहान पोरालाही ठाऊक असतं.

सवाल ऐनवेळी थोडा बदलावा लागला. देवापुढे माणसाचं नाव घेऊन एकदम काढा-घाला करणं बरं दिसत नाही. मी विचारलं, "देवा म्हाराजा, गावाची बदनामी होता हा. ह्यो इषय जत्रा होयसर गावातच ठेवन मायेन मिटवूचो काय?"

उजवी पाकळी लगेच पडली. इतक्या लगेच की गुरवही चपापला.

शिवाने साष्टांग नमस्कार घातला. सुभद्रा नम्रताला म्हणाली, "देवान सांगल्यान गो. आता गप ऱ्हवाचा." नम्रताने माझ्याकडे पाहिलं, देवाकडे नाही. मग हात जोडले आणि निघून गेली.

देवाच्या मनात जे होतं ते झालं. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. आता झोप लागावी.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

लागली नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

तन्वीची नेमणूक झाली! हायस्कुलात, विज्ञानाला. घरापासून चालत दहा मिनिटं. मी स्वतः तिठ्यावर जाऊन पेढे आणले. सृष्टीला सांगितलं, आता आई दुपारी घरी. तिने दोन पेढे खाल्ले.

सीतेने पेढा वाटीत ठेवला, खाल्ला नाही. तन्वी आदेश उभ्याउभ्याच वाचत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "सत्तावीस तारखेची सही आसा."

"मगे?"

"काय नाय. कौल पण सत्तावीसाकच होतो ना?"

आदेश तिने फळीवर ठेवून दिला. हजर व्हायला आठ दिवसांची मुदत आहे. आनंदाने माणूस कधी कधी असा गप्प होतो.

९ नोव्हेंबर, रविवार

तन्वी अजून कणकवलीचीच एसटी पकडते. विचारलं तर म्हणते, तिथल्या मुलांचा धडा अर्धा राहिलाय.

सकाळी तिठ्यावर नम्रता भेटली. टाळायला जागाच नव्हती. एका हातात कपड्यांची बॅग, दुसऱ्या हातात उकड्या तांदळाची पिशवी. सुभद्रा तिला पोचवायला आली होती. वेंगुर्ल्याला एका काजू कारखान्यात जाते आहे, गर निवडायच्या कामाला. संघात तिच्या जागी दुसरी मुलगी चंदननेच घेतली. इथे घराबाहेर पडलं की माणसं मोबाइल काढून बघतात, म्हणाली. म्हणून तिकडे खोली घेतली.

ज्या मुलीच्या अक्षराचे नमुने मी भिंतीवर लावायचो, ती दिवसभर खाली बसून तुकडा आणि अख्खा वेगळा करणार. मी एवढंच म्हणालो, "तब्येतीक जप."

सुभद्रा म्हणाली, "कौलाच्या आदी मी हिका पोलिसांत नेवक निघाललंय, गुरुजी. तुमचो निरोप इलो, कौल लावतंय म्हणान. मगे थांबलव. देवान सांगल्यान म्हणान गप बसलव. काय करतलो? रवळनाथ चुकाचो नाय."

एसटी आली. नम्रता चढली. खिडकीतून सासूला हात केला. मला नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज खरं लिहितो. ही वही मी कुणाला फसवायला लिहिली? वाचणारा मीच.

२७ तारखेच्या नोंदीत मी एक गोष्ट गाळली. देवळात शिरण्याआधी मी नळावर पाय धूत होतो. घोटा अजून दुखत होता, वाकता येत नव्हतं. शिवाने माझ्या हातातला तांब्या घेतला आणि माझ्या पायांवर स्वतः पाणी ओतलं. सगळ्यांसमोर. ओतता ओतता हळूच म्हणाला, "तन्वीच्या ऑर्डरीवर आज सही करतंय, गुरुजी. तुमी आत जावन गावाचा बरा होयत असा काय ता इचारा."

बस, एवढंच. धमकी दिली नाही, वचन मागितलं नाही. उलट पाय धुतले. मी खिशातल्या कागदाला हातसुद्धा लावला नाही. देवापुढे उभा राहिलो आणि चार दिवस घोटलेला सवाल मला आठवेनासा झाला, असं मी स्वतःला त्या दिवशी सांगितलं. आठवत होता. अक्षर न् अक्षर आठवत होता.

देव चुकला नाही. जे विचारलं त्याचं उत्तर त्याने दिलं. चोर मी. आणि चोरी कुणाची, तर जी मुलगी पोलिसांत न जाता आधी माझ्या दारात आली, तिची. माझ्या तोंडावर तिचा भरवसा होता आणि देवावर तिच्या सासूचा. मी एका सकाळी दोन्ही विकून आलो. वर पेढे वाटले.

आणि ही युक्ती सुचली म्हणून मला जेवण गोड लागलं होतं! शिवाला निर्णय घे, निर्णय घे म्हणून पत्रं लिहीत होतो. तो निर्णय घेत नव्हता असं कुठे आहे? त्याने पहिल्याच दिवशी घेतला, अर्जाची घडी करून माझ्या हातात दिली तेव्हा. मीच तो पंचांगाखाली सांभाळला.

सीतेला सगळं सांगितलं. वाटलं होतं, ओरडेल. ती म्हणाली, "माका म्हायत होता. तुमी पेढे हाडल्यात तेवाच." आणि गाईला पाणी दाखवायला उठून गेली.

१६ नोव्हेंबर, रविवार

तन्वीची मुदत गुरुवारीच संपली. तिला विचारलं. "मी हजर होवक नाय, बाबा. होवचंय पण नाय. त्या खुर्चीत बसान मी पोरांका काय शिकवू?" तिने हे रागाने म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तिने माझ्या ताटात भात वाढता वाढता म्हटलं.

अर्ज घेऊन शिवाकडे गेलो. त्याच्यासमोर टेबलावर ठेवला. म्हणालो, "शिक्को मार. आजच्या तारखेचो मार, पण मार. चंदनाक काढ. अजून तुझ्या हातात आसा."

त्याने अर्जाकडे पाहिलं नाही. "गुरुजी, हा अर्ज आपण मला यापूर्वी कधी दिला होता का? त्याची काही पोच आहे का आपल्याकडे?" प्रमाण मराठीत. माझ्याशी. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

मग त्याने मान खाली घातली, आणि त्याचा आवाज पुन्हा आपला झाला. "माका कळत नाय असा वाटता तुमका? पण ह्या येळाक नाय जमाचा. निवडून येवंदे, मगे बघतंय." आणि वर म्हणाला, "जत्रेक माझो उमेदवारीचो नारळ आसा. गाऱ्हाणा तुमीच घालूचा. तुमच्या तोंडाक बरकत आसा."

मी हो म्हणालो. अर्ज उचलून परत आलो. रस्त्यात स्वतःला शिव्या घालत आलो. त्याला निर्णय घ्यायला सांगायला गेलो होतो आणि मीच पुन्हा हो म्हणून आलो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

उद्या जत्रा. गाऱ्हाणं कागदावर लिहून बघितलं. चार पिढ्यांत कुणी लिहिलेलं नाही. ते उभ्याने, तोंडात येईल तसं घालायचं असतं. माझं काय होतं ते मी पाहिलं आहे: लिहिलं की मी दुसरी प्रत काढतो, आणि दुसऱ्या प्रतीत पाणी पडतं. कागद चुलीत घातला.

तन्वीला विचारलं, उद्या नम्रता येईल का? म्हणाली, देवळातल्या देवीची ओटी भरायला सासूबरोबर येणार आहे. दोघी फोनवर बोलतात हे मला माहीतच नव्हतं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

झालं तसं लिहितो.

दुपारी बारा वाजता सभामंडप गच्च भरला होता. मुंबईकर, माहेरवाशिणी, बाहेर खाज्याची दुकानं. शिवा पांढऱ्या कपड्यांत माझ्या उजव्या हाताला, त्याच्यामागे चंदन. शिवाने देवापुढे केळीच्या पानावर नारळ ठेवला. मी खिशातून अर्ज काढला, नारळ उचलला, अर्ज पानावर ठेवून नारळ पुन्हा वर ठेवला. लोकांना वाटलं, उमेदवारीचा कागद असेल. शिवाला कळलं. तो हलला नाही.

"बा देवा रवळनाथा, बारा-पाचाच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मंडप दणाणला.

"सालाबादपरमाण तुझी लेकरा जत्रेक एकठय झाली आसत, त्येंची सेवा मान्य करून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या नारळाखाली एक अर्ज आसा. तो सात ऑक्टोबराक नम्रतान माझ्या हातात दिल्यान म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" तितक्याच जोरात. सवयीने. गाऱ्हाण्यातला शब्द कोण ऐकतो?

"आठ तारखेक शिवा पालवान तो वाचल्यान, नि माका परत दिल्यान म्हाराजा!"

"व्हय म्हा..." अर्ध्यावर आवाज गळले. ढोल थांबला. कुणीतरी "काय बोलता हो?" म्हणालं.

"मगे तेना पेपरात सांगल्यान, अर्ज इलोच नाय. नि माका म्हायत आसान मी गप ऱ्हवलंय म्हाराजा!"

या वेळी 'व्हय म्हाराजा' आलं नाही. चंदन पुढे आला, शिवाने हाताने त्याला अडवलं. वाटलं, इथेच थांबावं. तेवढ्यात बायकांच्या बाजूने एक म्हातारा आवाज आला.

"व्हय म्हाराजा."

सुभद्रा. डोक्यावरचा पदर सावरत, देवाकडे बघत.

"त्या दिसा तुका मी खोटो सवाल घातलंय. सुनेच्या नोकरीसाठी घातलंय. तो कौल तुझो नाय, माझो म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा." आता दोन आवाज होते. दुसरा नम्रताचा. ती हातात ओटीचं ताट घेऊन उभी होती, आणि तिच्या शेजारी तन्वी.

"शिवा पालव हय तुझ्यापुढे उभो आसा. तेना आत्ताच्या आत्ता ह्यो अर्ज आपल्या हातात घेवचो, चंदनाक कामावरून काढूचो, अशी तेका बुद्धी दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बायकांतून बरेच आवाज आले. मग मागून पुरुषांचेही. सगळे नाही, निम्मेही नसतील.

मी शिवाकडे पाहिलं. पत्रांतून, बंद खोलीत, भाषणामागे जे सांगत आलो ते आज चारशे माणसांत सांगितलं होतं. त्याचा हात नारळापासून वीतभर होता. त्याने डोळे मिटले आणि हात जोडले. तसाच उभा राहिला, देवाची प्रार्थना करतोय असा. हात सुटले नाहीत.

गाऱ्हाणं अर्धं सोडता येत नाही. शेवटचा बोल ठरलेला असतो, तो मी घातला. "काय चुकला-माकला आसात तर ह्या लेकराक पदरात घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता सगळे म्हणाले. सुटल्यासारखे म्हणाले. शिवा सगळ्यांत मोठ्याने. सुभद्राही म्हणाली. मी फक्त नम्रताच्या तोंडाकडे बघत होतो. तिने ओठ उघडले नाहीत.

मग तिने ताट सासूच्या हातात दिलं आणि पुढे आली. माणसं बाजूला झाली. तिने नारळ उचलून बाजूला ठेवला, अर्ज घेतला, उघडून वरून खाली एकदा पाहिला. माझ्याशी किंवा शिवाशी एक अक्षर बोलली नाही. तन्वीने स्कूटर काढली आणि दोघी पोलीस ठाण्यात गेल्या.

संध्याकाळी तन्वी परतली. सृष्टी पळत जाऊन तिच्या पायांना बिलगली. मी दारातच उभा होतो. तक्रार घेतली, पोच मिळाली, म्हणाली. मूळ अर्ज सोबत जोडलाय. मी विचारलं, माझ्याबद्दल काही बोलली का नम्रता?

तन्वीने सृष्टीला कडेवर घेतलं. मग म्हणाली, "पोलिसांनी इचारल्यांनी, ह्या अर्जार पेन्सिलीन कोणी लिवलाहा? ती म्हणाली, आमच्या गुरुजींनी. ते चुको काढतत."

एवढंच बोलली म्हणे.